वर्गात दिसू नये असं कानाचं मशीन हवंय

"नमस्कार मॅडम, मी ५३ वर्षांची, चिपळूणजवळच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. दोनेक वर्षं झाली, मागच्या बाकावरून मूल बोललं की आवाज येतो पण शब्द लागत नाही. परवा एक मुलगी म्हणाली, बाई, शाई संपली. मला ऐकू आलं आई आली. मी म्हटलं, मग जा, भेटून ये. वर्ग हसला, मीही हसले, पण घरी येऊन रडले. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन सांगितलंय. मला अगदी आत जाणारं, कुणाला दिसणार नाही असं सगळ्यात लहान डिजिटल मशीन हवंय. एका दुकानात म्हणाले तयार आहे, आत्ता घेऊन जा. दुसरीकडे म्हणाले कानाचं माप घ्यावं लागेल, दहा-बारा दिवस लागतील. माप घेताना कानात काहीतरी भरतात म्हणे, त्याची मला भीती वाटते कारण लहानपणी माझा उजवा कान वाहायचा. डॉक्टर म्हणाले पडदा भरून आलाय पण पातळ आहे. काय करू? रिपोर्ट जोडलाय. – एक शिक्षिका"

ताई, शाई आणि आईचा किस्सा वाचून गलबलून आलं. आणि खरं सांगू का, तुमचा सगळा रिपोर्ट त्या एका किश्शात आहे. तुमच्या उजव्या कानाचे आकडे ५०० हर्ट्झला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५ आणि ४००० ला ६५ डेसिबल असे आहेत, डावा कान सगळीकडे पाचेक डेसिबलने बरा. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. म्हणजे जाडा आवाज तुम्हाला बऱ्यापैकी येतो आणि जसजसं वरच्या पट्टीत जावं तसतसा कान साथ सोडतो. आपल्या बोलण्यात आ, ई, ऊ हे स्वर जोरदार असतात आणि खालच्या पट्टीत त्यांचा भर असतो, स आणि श मात्र अगदी वरच्या पट्टीतले आणि मुळातच हळू, नुसती हवा सोडल्यासारखे. त्यामुळे शाईतला श गळला आणि तुमच्यापर्यंत आई पोचली. यात तुमचं लक्ष नव्हतं असं काही नाही, वय झालं म्हणून डोकं चालत नाही असं तर मुळीच नाही, आणि हे मी तुम्हाला समजूत घालायला म्हणत नाहीये, आलेखात स्पष्ट दिसतंय.

आता मशीनच्या आकाराबद्दल. कान तपासायचे आणि मशीन बसवून द्यायचं, मी २२ वर्षं हेच काम करतेय आणि माझं मत असं की तुम्ही कानात बसणारं मशीन घ्या, पण सगळ्यात लहान घेऊ नका, त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या मोठं घ्या. कारण सांगते.

अगदी आत, दुसऱ्या वळणापर्यंत जाऊन बसणारं जे असतं ते खरंच दिसत नाही, आयआयसी म्हणतात त्याला. त्याच्या अलीकडे सीआयसी, ते कानाच्या भोकात पूर्ण बसतं, बाहेर फक्त काढायचा बारीक दोरा असतो. आणि त्याच्याही अलीकडे आयटीसी, त्याचं तोंड कानाच्या वाटीत थोडंसं दिसतं. तुमचा खालच्या पट्टीतला कान चांगला आहे ना, तिथेच अडचण येते. कान बुचासारखा बंद केला की स्वतःचा आवाज आतल्या आत घुमतो, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. आत्ता करून बघा, दोन्ही कानात बोटं घाला आणि मोठ्याने "ई" म्हणा, मग "आ" म्हणा. ई किती घुमला? दिवसाला सहा-सात तास तोंडाने शिकवणाऱ्या बाईला हा घुमारा नकोसा होतो, मशीन कितीही भारी असलं तरी ती ते काढून ठेवते. यावर उपाय म्हणजे मशीनच्या अंगातून आरपार एक बारीक बोगदा ठेवतात, त्याला व्हेंट म्हणतात, त्यातून तो घुमारा बाहेर जातो आणि कानाला हवाही लागते. पण मशीन जितकं लहान तितकी व्हेंटला जागा कमी. आयटीसीत मोठा व्हेंट पाडता येतो. शिवाय आयटीसीत दोन माइक बसवता येतात, म्हणजे समोरच्या माणसाचं बोलणं पाठीमागच्या गोंगाटातून थोडं पुढे आणता येतं, अगदी आतल्या लहान मशीनमध्ये एकच माइक मावतो. आणि वर्गात तर पाठीमागे गोंगाट असतोच.

बॅटरीचं पण बघा. सीआयसीला बहुतेक १० नंबरची सेल लागते, पिवळ्या स्टिकरची, डाळीच्या दाण्यापेक्षा थोडीशीच मोठी, आणि ती आठवडाभरही पुरत नाही कधीकधी. आयटीसीला साधारणपणे ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरची, ती जरा जास्त चालते आणि बोटात तरी येते. तुम्ही चष्मा लावता असं रिपोर्टच्या कागदावर दिसतंय. दुकानातून उठायच्या आधी ती सेल स्वतःच्या हाताने तीनदा घालून काढून बघा, चष्मा न लावताही बघा. माझ्याकडे एक काका यायचे, मशीन इतकं छान बसलं होतं पण बोटांना कंप, सेल प्रत्येक वेळी खाली पडायची आणि सून ऑफिसात. तीन महिन्यांत मशीन कपाटात गेलं. त्यात काकांची काही चूक नव्हती, ज्याने ते निवडून दिलं त्याने बोटं बघायला हवी होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून ठेवते. तुमच्यासारख्या आलेखाला कानामागे बसणारं आणि पातळ वायर आत जाणारं जे मशीन असतं ना, आरआयसी म्हणतात, ते सुद्धा चांगलं चालतं, कान मोकळा राहतो आणि घुमारा जवळजवळ नसतोच. तेव्हा ते एकदा लावून तरी बघा, नंतर नाही म्हणा. पण तुम्ही शाळेत स्कूटीवरून जात असाल तर कानामागचं मशीन हेल्मेट काढता-घालताना निघून पडतं, चष्म्याची काडी पण तिथेच, आणि फोन कानाला लावायचा तर कानातल्या मशीनला तो नेहमीसारखाच लावता येतो. म्हणून कानातलंच हवं हा तुमचा हट्ट मला अजिबात चुकीचा वाटत नाही.

आता माप. याची भीती मी समजू शकते कारण कॉलेजात आम्ही एकमेकींच्या कानाची मापं घेऊन शिकलो, माझंही घेतलं होतं. आधी ऑटोस्कोपने, म्हणजे लाइट असलेल्या त्या छोट्या दुर्बिणीने, कान आतून बघतात. मळ असेल तर माप घ्यायचंच नाही, आधी डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. मग कानात दोरा बांधलेला कापसाचा किंवा स्पंजचा छोटा गोळा आत सरकवतात, पडद्याच्या अलीकडे. हा गोळा म्हणजे धरण समजा, पुढे येणारा मसाला याच्या पलीकडे जाता कामा नये. गोळा वळणावर टेकला की कुणाकुणाला खोकल्याची उबळ येते, मला आली होती, कानाच्या आतल्या कातडीला जी नस असते तिचं घशाशी नातं आहे म्हणून. मग दोन रंगांची सिलिकॉनची लगदी एकत्र करतात आणि सिरिंजने हळूहळू भरतात. गार लागतं. आणि आवाज जातो, एकदम, विहिरीत बुडी मारल्यावर जसं वरचं सगळं लांब जातं तसं. पाचेक मिनिटं थांबायचं, तेवढ्यात तो मसाला रबरासारखा घट्ट होतो. मग कान जरा मागे ओढून, हवा आत शिरू देऊन, सावकाश बाहेर काढतात. दुखत नाही. काढताना फट् असा आवाज येतो आणि जग पुन्हा मोठं होतं.

तुमच्या उजव्या कानासाठी मात्र चार गोष्टी तोंडाने सांगा, समोरच्याने विचारलं नाही तरी सांगा. एक म्हणजे लहानपणी कान वाहायचा आणि पडदा पातळ आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या आणि माप घेण्याच्या त्याच आठवड्यात त्यांच्याकडून कान कोरडा आहे ना हे बघून घ्या. गोळा नीट बसलाय हे पुन्हा दुर्बिणीने तपासल्याशिवाय मसाला भरू नका असं स्पष्ट म्हणा, यात लाजायचं काही नाही, चांगला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारा तज्ज्ञ, हे न सांगताच करतो. पडद्याला भोक असेल आणि गोळा सैल असेल तर मसाला आत शिरू शकतो, असं क्वचित होतं पण झालं तर ऑपरेशन करून काढावा लागतो, म्हणून मी इतकं ठासून सांगतेय. आणि सिरिंज दाबताना आत दाब जाणवला किंवा दुखलं तर लगेच हात वर करा.

अजून एक. माप घेताना तोंड बंद ठेवून पुतळ्यासारखं बसू नका. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, तुम्ही दिवसभर बोलणार, तेव्हा मसाला ओला असताना तोंड थोडं उघडा, बोला, चावल्यासारखं करा. नुसतं गप्प बसून घेतलेल्या मापाचं मशीन पुढे पहिल्याच तासाला सैल होतं आणि शिट्टी मारतं.

ते माप पुढे स्कॅन होतं, कॉम्प्युटरवर त्याचा आकार तासतात आणि थ्रीडी प्रिंटरवर तुमच्या कानाचं कवच छापतात, त्यात मशीन बसवतात. दहा-बारा दिवस त्यातच जातात. "आत्ता घेऊन जा" वालं जे आहे ते तयार मापाचं असतं, पुढे मऊ रबरी टोपी. ते वाईट असतं असं मी म्हणणार नाही, काही कानांना छान बसतं, पैसेही कमी लागतात. पण तुमचा बोलायचा धंदा आणि उजव्या कानाचा इतिहास बघता मी तुम्हाला मापाचंच सांगेन. तिथे फक्त एक पेच आहे, मापाचं मशीन तुमच्याच कानाचं असल्यामुळे आधी वापरून बघता येत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी त्याच कंपनीचं त्याच दर्जाचं कानामागचं डेमो मशीन तुमच्या रिपोर्टप्रमाणे सेट करून तासभर लावून मागा, बाहेर रस्त्यावर फिरून या, आवाजाची जात कळते. आणि कवच टोचलं किंवा सैल निघालं तर किती दिवसांत फुकट दुसरं करून देणार हे बिलावर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको.

ज्यांच्याकडून घ्याल त्यांचा आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर विचारा, पात्र ऑडिओलॉजिस्टकडे तो असतोच. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अलि यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची, तिथे तपासणी आणि सल्ला दोन्ही मिळतं, दुसरं मत घ्यायला चांगली जागा.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मनात असणारच. मापाचं डिजिटल मशीन एका कानाला साधारण १५-२० हजारांपासून सुरू होतं आणि लाखाच्या पुढेही जातं. मशीनवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो दिसला तर विचारा. महाग आणि स्वस्त यातला फरक मुख्यतः गोंगाटात कसं चालतं त्यात असतो, चॅनेल किती, म्हणजे मशीन आवाज किती पट्ट्यांत वेगळा करून सांभाळतं, या आकड्यावर भाळू नका. बजेट एकाच भारी मशीनचं असेल तर एका कानाला एक लाखाचं घेण्यापेक्षा दोन्ही कानांना मधल्या किमतीची घ्या असं मी सांगेन, कारण आवाज कुठल्या बाकावरून आला हे ओळखायला दोन्ही कान लागतात. वर्गात अर्धं काम तेच असतं ना!

मशीन आलं की फिटिंगच्या दिवशी घाई करू नका, दीड-दोन तास ठेवा. लाल खूण उजव्या कानाचं, निळी डाव्याचं. घालताना कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढायचा की नळी सरळ होते आणि मशीन सुरकन जातं. तिथेच जांभई द्या, बिस्किट खा, मोठ्याने एखादी कविता म्हणा, वर्गात म्हणता तशी. टोचतंय का, वर येतंय का, शिट्टी मारतंय का. आणि तो ई पुन्हा म्हणा. खूप घुमला तर व्हेंट मोठा करता येतो, कवच तासता येतं, सॉफ्टवेअरमधून खालचा आवाज कमी करता येतो. "सवय होईल" असं म्हणून टाळलं तर तसं ऐकून घेऊ नका. आवाजाची सवय होते, पण टोचण्याची होत नाही, तिथे जखम होते.

आणि एक टेस्ट मागून घ्या, रिअल इअर मेजरमेंट. केसासारखी बारीक नळी मशीनच्या बाजूने कानात सोडतात आणि पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजतात. कॉम्प्युटर सरासरी कान धरून आवाज ठरवतो, तुमचा कान सरासरी असेलच असं नाही. ही टेस्ट सगळीकडे करत नाहीत, जिथे करतात तिथे मी दोन हजार रुपये जास्त देऊनही जाईन. तुमच्या उजव्या कानात नळी सोडताना तीच पातळ पडद्याची सूचना पुन्हा द्या.

पहिले काही दिवस जरा अंगावर येतील. पेपर उलटताना कडकड वाजेल, नळ धबधब्यासारखा वाटेल, पंख्याला आवाज असतो हे आठवेल, स्वतःच्या बांगड्या सुद्धा. मेंदूने दोन वर्षं हे ऐकलं नाहीये, त्याला ओळख पटायला वेळ लागतो. पहिला आठवडा घरात, दिवसाला तीन-चार तास, एका माणसाशी बोलताना. नंतर टीव्ही, मग दोन-चार माणसांत, मग बाजार. काय त्रास झाला ते वहीत लिहा, "भांड्यांचा आवाज टोचतो", "नातीचं कळतं पण नवऱ्याचं नाही" असं, कारण दोन-तीन आठवड्यांनी परत जाल तेव्हा "बरं आहे" म्हणून भागत नाही, ऑडिओलॉजिस्टला नेमकं वाक्य लागतं. निदान दोन-तीन वेळा तरी जावं लागेल सेटिंगला, ते धरूनच चला.

आता पाऊस. चिपळूणला राहणाऱ्याला हे सांगायलाच हवं. दमट हवा ही कानातल्या मशीनची मोठी शत्रू. रोज रात्री मशीन काढून कोरड्या मऊ ब्रशने तोंड खाली करून झाडायचं, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो, सेलचं दार उघडायचं, सेल बाहेर, आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते बदलायचे. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका, तांदळाची भुकटी माइकच्या भोकात बसते. टोकाला मळ अडवणारी जी इवलीशी पांढरी जाळी असते ना, वॅक्स गार्ड, ती बदलायला शिकून घ्या, "मशीन बंद पडलं" म्हणून लोक येतात त्यात कितीतरी वेळा ती जाळीच तुंबलेली असते. सेलचं स्टिकर काढल्यावर लगेच घालू नका, मिनिटभर हवा लागू द्या, ती हवेवर चालते. अंघोळीला, केसांना तेल लावताना मशीन बाहेर. आणि कानात कोमट तेल घालायची सवय असेल तर ती आजपासून बंद, पातळ पडद्याच्या कानात तर थेंबही नको. मशीन घातल्यावर उजवा कान कधी ओलसर वाटला, खाज सुटली, वास आला तर त्याच दिवशी मशीन काढा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात कुत्रा असेल तर मशीन टेबलावर उघडं ठेवू नका, त्याला तो वास आवडतो, चावून टाकलेली मशीनं मी बघितली आहेत.

इतर वाचणाऱ्यांसाठी एकच सांगते, कुणाला एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं असेल तर मशीनच्या दुकानात जाऊ नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, सुरुवातीच्या दिवसांत औषधाने फरक पडायची शक्यता जास्त असते.

वर्गाबद्दल दोन शब्द. मशीनने तुम्हाला समोरच्या दोन-तीन बाकांचं छान कळेल, तुमच्याजवळ येऊन बोललेलं तर खूपच. पण मागचा बाक आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस यांच्यापुढे कुठलंच मशीन पूर्ण पुरत नाही, आवाज लांबून येताना वाटेतच विरतो. तेव्हा प्रश्न विचारून झाला की तुम्ही बाकांमधून चालत मुलापाशी जा, पावसाच्या दिवशी बाकं जवळ ओढून अर्धगोल करा. मुलांना सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन १९८३ मध्ये कानातलं मशीन लावून लोकांसमोर आले आणि त्यानंतर तिथे कितीतरी लोक मशीन घ्यायला पुढे आले, त्यांचा कान तरुणपणी सिनेमाच्या सेटवर जवळ बंदूक उडाल्याने गेला होता. मी माझ्याकडच्या शिक्षकांना इतकंच सुचवते की "माझ्याकडे बघून बोला, हात वर करून बोला" हा नियम सगळ्या वर्गाला लावा, मशीनचं नाव न काढता. तोंड दिसलं की अर्धा शब्द ओठांवरून लागतो, तुम्ही आत्ताही नकळत तेच करत असणार.

दिवाळीच्या सुट्टीच्या दोन आठवडे आधी माप देऊन या. म्हणजे मशीन सुट्टी लागतानाच हातात येईल, पहिले अवघड दिवस घरात निघतील, आणि शाळा उघडायच्या आधी एकदा सेटिंगला जाऊन येता येईल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके सुरू झाले की मशीन काढून डबीत ठेवा, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरीपासून सुरुवात करा, तिथे नाव तुम्ही घेता आणि उत्तर आधीच ठाऊक असतं, कानाला सोपं जातं.